पिशवी तीच, सामान कमी!

बालमित्रांनो, वाणसामानाची यादी घेऊन तुम्ही आईबरोबर दुकानात जाता ना? मग एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. यादी तीच, पिशवी तीच, पण दुकानदारकाकांनी सांगितलेला आकडा मात्र गेल्या महिन्यापेक्षा मोठा! मग आई यादीवरून पुन्हा एकदा बोट फिरवते आणि हळूच म्हणते, "शेंगदाणे अर्धाच किलो द्या. आणि तूप राहू दे या महिन्यात."

हे "राहू दे" कुठून येतं? चला, आज आपण त्याचा माग काढू. त्यासाठी जाऊया कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत.

रस्ता बुडाला, भाजी कडाडली

पंचगंगेच्या पलीकडे, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून ही औद्योगिक वसाहत आहे. इथे फौंड्रीचे कारखाने पुष्कळ. भट्टीत लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं आणि गाड्यांचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे भाग तयार करायचे. भट्टीपुढे उभं राहून घाम गाळणाऱ्या कामगाराच्या घरी पगाराचा आठवडा म्हणजे सणच! पण त्याच पगारात घरभाडं, शाळेची फी, गॅस आणि किराणा, सगळं बसवायचं असतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. तेव्हा पाणी चढलं ५५ फुटांच्याही वर! शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. ट्रकांच्या रांगाच रांगा लागल्या. कोल्हापुरात भाजी, दूध, पेट्रोल यांची टंचाई झाली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच गत झाली.

आता यातली गोम पाहा. गावातल्या शेतकऱ्याकडे भाजी होती, गोठ्यात दूध होतं, पण ते शहरात आणायचं कसं? म्हणजे एकीकडे माल पडून आणि दुसरीकडे त्याच मालासाठी झुंबड! माल थोडा आणि घेणारे फार झाले, की भाव चढतो. महागाईच्या पाढ्यातला हा पहिला धडा.

कढईतल्या तेलाची लांबची सफर

तुम्ही म्हणाल, पूर काही रोज येत नाही. मग एरवी भाव का चढतात?

घरातला तेलाचा डबा घ्या. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलांपैकी निम्म्याहून जास्त तेल आपण बाहेरून विकत आणतो. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सूर्यफुलाचं तेल युक्रेन आणि रशियातून खूप येतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. बंदरं बंद पडली, जहाजं अडकली. त्यातच २८ एप्रिल २०२२ पासून इंडोनेशियाने पामतेल बाहेर पाठवायला बंदी केली. ती २३ मेला उठली. पण मधल्या काळात दुष्काळात तेरावा महिना! एक तेल महागलं की लोक दुसऱ्याकडे वळतात, मग त्याचाही भाव वर सरकतो. लढाई हजारो किलोमीटर दूर आणि चटका बसतो आपल्या घरच्या भज्यांना.

घरच्या चटणीचंही तसंच. उन्हाळ्यात कोल्हापूरकडच्या घरांत वर्षाची चटणी होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, सुकं खोबरं, लसूण, मसाले हे सारं एकदमच घ्यावं लागतं. मिरचीवर रोग पडला किंवा अवकाळी पावसाने ती भिजली, की त्या वर्षी चटणीचा खर्च ठसका लावतो. शिवाय हा सगळा माल गाडीने येतो. डिझेल महागलं, की भाडं वाढतं आणि ते शेवटी आपल्याच बिलात येऊन बसतं.

मग शेतकऱ्याची चैन का?

नाही हं! शेतातून आपल्या पिशवीत येईपर्यंत मालाला हमाली, तोलाई, अडत, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा असे खर्च चिकटतात. वाटेत थोडा माल सडतोही. आपण मोजलेल्या रुपयातले थोडेच पैसे शेतकऱ्याच्या हातात पडतात.

कांद्याचंच बघा. ८ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. हेतू हा, की कांदा देशातच राहावा आणि स्वस्त व्हावा. घराघरांत हायसं वाटलं, पण नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावसारख्या बाजारात भाव पडले आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. मे २०२४ मध्ये ही बंदी उठली. कामगाराच्या मुलाला स्वस्त कांदा हवा आणि शेतकऱ्याच्या मुलीला चांगला भाव हवा. दोघांचंही खरंच आहे! म्हणून तर महागाईचं गणित अवघड.

पगार मागे, भाव पुढे

कामगारांच्या घरखर्चाचं मोजमाप सरकार ठेवतं. देशातल्या ८८ केंद्रांतून दर महिन्याला वस्तूंचे भाव गोळा करतात आणि त्यावरून एक आकडा काढतात. त्याला म्हणतात 'ग्राहक किंमत निर्देशांक'. २०१६ सालचा खर्च १०० धरला, तर डिसेंबर २०२३ मध्ये हा आकडा १३८.८ झाला होता. म्हणजे २०१६ मध्ये ज्या घराचं १५,००० रुपयांत भागायचं, त्याच घराला तेवढंच सामान आणि सोयी मिळवायला तेव्हा सुमारे २०,८०० रुपये लागत होते. पगार तितका वाढला नसेल, तर कागदावर तो वाढूनसुद्धा घर गरीबच झालं!

महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबरचा विशेष भत्ता याच निर्देशांकाकडे पाहून जानेवारीत आणि जुलैत बदलतात. पण डाळ काही सहा महिने थांबत नाही. ती आज महागते. मधल्या काळात घर सांभाळते आई!

आया गप्प बसल्या नाहीत, असंही घडलंय बरं का. १९७२ च्या सुमारास महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ होता. तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने हजारो बायका हातात थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणं नुसतं पोळ्या लाटत नाही, ते सरकारला जागंही करतं!

तुम्ही काय कराल?

एक वही घ्या. तूरडाळ, तेल, साखर, चहा आणि कांदे या पाच वस्तूंचे भाव दर महिन्याच्या ठरावीक तारखेला लिहा. समजा, साखर ४० रुपयांची ४६ झाली. वाढ ६ रुपये. ६ भागिले ४०, गुणिले १००, म्हणजे वाढ झाली १५ टक्के. शाळेतलं शेकडेवारीचं गणित इथे कामाला येतं की नाही?

दुसरं, पाकिटाची नुसती किंमत पाहू नका, वजनही वाचा. कधी कधी पाच रुपयांचा पुडा पाचचाच राहतो, पण आतली बिस्किटं कमी होतात. १०० ग्रॅमचे ८० ग्रॅम झाले, तर भाव गुपचूप २५ टक्क्यांनी वाढला की! हल्ली बऱ्याच पाकिटांवर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भावही छापलेला असतो. तो ताडून पाहा.

आणि आई-बाबा, तुम्हालाही एक विनंती. घरखर्चाचा हिशेब मुलांपासून लपवू नका. समजावून सांगितलं, तर मुलं हट्ट सोडतात आणि शहाणीही होतात.

शेवटचं काम सगळ्यांत सोपं. यादीतली कुठली वस्तू "राहू दे" झाली, ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. तीन महिन्यांनी ते पान उघडा. त्यात तुमची चॉकलेटं किती आणि आईच्या गरजेच्या वस्तू किती, हे मोजा. उत्तर आम्हाला कळवू नका. आईच्या जवळ जाऊन बसा.