अभिनय की नखरा?

ऑफिसात शिरलं की आपण पहिली गोष्ट काय शिकतो? चेहरा कोरा ठेवायला! बॉस काहीही बोलो, भुवई हलता कामा नये. नृत्यातल्या नायिकेचं सगळं कामच मुळी भुवईवर चालतं. नाट्यशास्त्रात ३६ प्रकारच्या दृष्टी आणि भुवयांच्या ७ हालचाली सांगितल्यात. नायिका ८. नटूनथटून वाट पाहणारी वासकसज्जा, दुसरीकडे रात्र काढून आलेल्या प्रियकरावर संतापलेली खंडिता, भांडून मग हळहळणारी कलहांतरिता...

हे सगळं फक्त कथक-भरतनाट्यमच्या क्लासमध्येच असतं, असं वाटतं ना? मी ढोकीची, साखर कारखान्याच्या गावची. आमच्याकडे लावणी म्हटलं की ढोलकी, फेटे आणि शिट्ट्या! पण बैठकीची लावणी वेगळी. तिथे कलावंतीण बसून गाते आणि एकाच ओळीवर दरवेळी नवी अदा करते. कधी रुसवा, कधी टोमणा, कधी नुसतीच झुकलेली नजर. वाईच्या यमुनाबाई वाईकर यात अव्वल. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

मग कथकमधली खंडिता रुसली की तो ‘अभिनय’ आणि लावणीतली रुसली की ‘नखरा’, असं का? रुसवा तोच, मेहनत तीच. फरक आपल्या नजरेत आहे.

पुढच्या वेळी लावणीला गेलात तर घुंगरांइतकंच डोळ्यांकडे बघा. आणि शिट्टीऐवजी एक ‘वाह’ येऊ द्या!