दहावीनंतरही सायकल

आपल्या बहुतेक घरांत सायकलचे आयुष्य दहावीपर्यंतचे असते. मुलगा कॉलेजात गेला की त्याला मोटारसायकल हवी असते. मुलगी मोठी झाली की तिची सायकल धाकट्या भावाकडे जाते. अब्बा चाळिशी ओलांडून शुगरची गोळी घेऊ लागले आणि डॉक्टरांनी “व्यायाम करा” असे दटावले की गच्चीवर गंजत पडलेल्या सायकलची सर्वांना आठवण होते.

प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. फजरची नमाज झाल्यावर रस्ते मोकळे असतात, हवा थंड असते. त्या अर्ध्या तासासाठी सायकलसारखे साधन नाही. धावताना गुडघ्यांवर जो भार येतो तो इथे येत नाही, कारण शरीराचे वजन गादी पेलते. मात्र सायकल मापाची हवी, सामान पुरते हवे आणि रस्त्याची समज हवी. या लेखात या तिन्ही गोष्टी पाहू.

कोणती सायकल घ्यावी?

दुकानात मुलांचे लक्ष जाते ते जाड टायरच्या, पुढे-मागे शॉक-अब्सॉर्बर असलेल्या सायकलकडे. ती डोंगरवाटेसाठी बनवलेली असते. डांबरी रस्त्यावर तिचे जाड टायर घर्षण वाढवतात, शॉक-अब्सॉर्बर तुमची काही ताकद गिळतो आणि वजनामुळे चढाला दम लागतो. रोजच्या २०-३० किलोमीटरसाठी हायब्रिड सायकल उत्तम. तिचे हँडल सरळ, बैठक ताठ आणि टायर मध्यम रुंदीचे असतात. पाठ किंवा मान दुखणाऱ्यांनी हीच घ्यावी. खाली वळलेल्या हँडलची रोड बाइक वेगवान असते. लांबच्या पल्ल्याची गोडी लागल्यावर तिचा विचार करावा.

टायरवर ‘७०० बाय २५’ किंवा ‘७०० बाय ३२’ असे आकडे छापलेले असतात. यातला दुसरा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. आपल्याकडचे खड्डे आणि खडी पाहता २८ ते ३५ ची रुंदी बरी. हवा किती भरायची तेही टायरच्या कडेला छापलेले असते, त्या मर्यादेच्या आत राहावे. आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळीच पाहून घ्यावी. महागड्या सायकलींना बहुधा बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो. पेट्रोल पंपावरची हवा त्याला थेट भरता येत नाही. त्यासाठी पितळेचा छोटा ॲडॅप्टर मिळतो, तो त्याच दिवशी घेऊन ठेवावा.

घाट चढायचा असेल तर दुकानदाराला गिअरची संख्या विचारण्याऐवजी दात मोजायला सांगा. पुढचे सर्वांत लहान चक्र ३४ दातांचे किंवा त्याहून लहान आणि मागचे सर्वांत मोठे ३२ दातांचे असेल, तर साधा माणूसही चढाला हरत नाही.

वापरलेली सायकल घ्यायला हरकत नाही. शहरांत हौसेने घेतलेल्या आणि जेमतेम शंभर किलोमीटर चाललेल्या कितीतरी सायकली विकायला असतात. घेताना मूळ बिल पाहावे, फ्रेमवरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहावा, वेल्डिंगच्या जोडांना तडा गेला आहे का ते तपासावे आणि चाक उचलून फिरवावे. ते लहरत असेल तर आरे ढिले आहेत किंवा रिम वाकली आहे. बिल नसलेली सायकल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. चोरीचा माल घरात आणण्यासारखी महाग गोष्ट नाही.

माप चुकले तर गुडघे बोलतात

आपल्याकडे गादी नेहमी खालीच ठेवली जाते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे वाटते. गुडघेदुखीचे हे एक मोठे कारण आहे. भिंतीला धरून सायकलवर बसा, एक पायडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्याला हलकासा बाक राहतो. तेच योग्य माप. थांबताना गादीवरून पुढे उतरायचे आणि एक पाय टेकायचा, ही सवय आठवड्यात होते.

पायडलही जोर लावून हळूहळू मारू नये. हलका गिअर घेऊन मिनिटाला ७० ते ९० फेरे मारावेत. सुरुवातीला हे विचित्र वाटते, पण लांबच्या पल्ल्याला पाय यामुळेच टिकतात.

सोबतचे सामान

सायकलचे बजेट ठरवताना त्यातला पाचवा-सहावा हिस्सा सामानासाठी बाजूला काढावा. पहिला मान हेल्मेटचा. ते भुवयांच्या दोन बोटे वर, सपाट बसले पाहिजे. पट्टे दोन्ही कानांखाली इंग्रजी ‘व्ही’सारखे यावेत आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे शिरतील इतकीच जागा राहावी. एकदा जोराचा आपटा बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतला थर्माकोलसारखा थर एकदाच मार झेलतो.

पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट हवे. पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्याला तुम्ही दिसलात तरच तो वळसा घेईल. गादीखालच्या छोट्या पिशवीत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, पंक्चरचे ठिगळ आणि सोल्युशन, एलन की आणि लहान पंप ठेवावा. पंक्चर काढायला घरी बसून दोनदा शिकावे. मुलांना याची फार मजा वाटते. चेन दर २००-३०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर लगेच पुसून तिला चेनचेच तेल द्यावे. स्वयंपाकघरातले तेल धूळ धरते आणि चेन खाते.

बहिणी आणि मुली

मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. गावात सातवीपर्यंतच शाळा आणि पुढची शाळा चार किलोमीटरवर असेल, तर त्या चार किलोमीटरवर मुलीचे शिक्षण अडते, हे आम्ही शिक्षक दरवर्षी पाहतो. सायकल आली की ते सुटते. पण तीच सायकल भावाने दुकानासाठी नेली आणि मुलगी घरी बसली, असेही होते. सायकल ज्या मुलीच्या नावाने आली तिच्याच हातात राहिली पाहिजे. ही जबाबदारी अम्मी-अब्बांची आहे.

पोशाखाची अडचण म्हणाल तर ती सोडवता येण्यासारखी आहे. वरचा दांडा खाली वाकवलेली, म्हणजे ‘लेडीज’ फ्रेमची सायकल घ्यावी. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकावर जाळी बसवून घ्यावी, म्हणजे अबाया किंवा ओढणी आऱ्यांत अडकत नाही. ओढणीचे टोक मोकळे सोडू नये. ते चाकात गुंडाळले गेले तर गळ्याला फास बसतो. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ घट्ट आणि सपाट बांधावा, मागे गाठ किंवा मोठी पिन ठेवू नये, आणि स्कार्फ बांधल्यावरच हेल्मेटचे पट्टे मापाचे करावेत. आपा, खाला, भाची अशा तिघी-चौघी मिळून निघाल्या तर घरच्यांनाही निर्धास्त वाटते.

रस्त्यावर

नेहमी डाव्या बाजूने, वाहतुकीच्या दिशेनेच चालवावे. उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवावे, कारण दार अचानक उघडते. वळणाऱ्या एसटीच्या किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही घुसू नये. तिथे चालकाला आपण दिसतच नाही. कानात इअरफोन नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. दोन्ही ब्रेक थोडे दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे, आणि वेग वळणाआधीच कमी करावा. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मुलांना तोंडपाठ हवेत.

आणखी एक काम बँकेत जाऊन करावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाताचे २ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. घरात कमावणारा एकच असेल तर हा अर्ज आजच भरावा.

पाणी तहान लागण्याआधी प्यावे, दर १५-२० मिनिटांनी दोन घोट. तासाभराहून जास्त चालवायचे असेल तर पाण्यात लिंबू, मीठ, साखर घालावी आणि खिशात खजूर किंवा केळे ठेवावे. रमजानमध्ये दिवसा उन्हात लांब जाऊ नये. इफ्तारच्या आधीचा अर्धा तास हलके फिरावे किंवा तरावीहनंतर उजेडाच्या रस्त्यावर. शुगरची औषधे, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज्यात सायकल काढू नये.

सभासद कुठे व्हावे?

पहिले सभासदत्व गावातल्या सायकल ग्रुपचे. जिल्ह्याच्या बहुतेक शहरांत असे ग्रुप आहेत, आणि सायकलच्या चांगल्या दुकानात चौकशी केली की पत्ता लागतो. ग्रुपमध्ये सर्वांत हळू चालवणाऱ्याला एकटे सोडले जाते की कोणी थांबते, हे पाहून ग्रुप निवडावा. पर्यटनाची आवड असेल तर युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडियाचे सभासद व्हावे. त्यांच्या वसतिगृहांत माफक दरात राहता येते आणि त्यांच्या सायकल सहलीही असतात.

लांब पल्ल्यासाठी ‘बीआरएम’ नावाच्या राइड असतात. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांनुसार भारतात ऑडॅक्स इंडिया त्यांचे नियोजन करते. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेले अंतर मुदतीत, कोणाची मदत न घेता पूर्ण करायचे: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत. चारही एकाच हंगामात पूर्ण केल्यास ‘सुपर रँडोनिअर’ ही उपाधी मिळते. जेवण, नमाज, पंक्चर हे सारे याच वेळेत बसवायचे असते, म्हणून चालवण्याइतकेच थांबण्याचेही नियोजन लागते. हे काही परदेशी लोकांचेच काम नाही. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. दोघेही पेशाने डॉक्टर, दवाखाना सांभाळणारे.

पाहावेत असे रस्ते

*औरंगाबाद ते वेरूळ.* छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद सुमारे १५ किलोमीटर, खुल्दाबाद २५ आणि वेरूळ ३०. किल्ला आणि चांद मिनार उजाडता उजाडता दिसू लागतात. पुढे अरुंद वेशीतून रस्ता जातो, तिथे गाड्यांची कोंडी होते, म्हणून उतरून हातात सायकल घेणे शहाणपणाचे. मग घाट. चढ संपला की खुल्दाबाद येते. इथे सूफी बुजुर्गांचे दर्गे आहेत, औरंगजेबाची साधी, उघडी कबर आहे आणि मलिक अंबरचा मकबरा आहे. ज्याने खडकी वसवली आणि पुढे त्याच खडकीचे औरंगाबाद झाले, तो हाच मलिक अंबर. मुलांना इतिहासाचे पुस्तक दाखवण्यापेक्षा हा रस्ता दाखवावा. खुल्दाबादहून वेरूळला उतार आहे, म्हणजे परतताना तोच चढ आहे हे विसरू नये. शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून दुसरा वार निवडावा.

*मांडवा ते रत्नागिरी.* मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरावे. तिथून अलिबाग सुमारे २० किलोमीटर, आणि पुढे रेवदंडा, काशीद करत मुरूड आणखी ५० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी राजपुरीहून सिद्दींचा जंजिरा पाहावा, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जावे आणि दिवेआगरमार्गे श्रीवर्धनला मुक्काम करावा. पुढे बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तीन खाड्या फेरीबोटीने ओलांडत गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी गाठता येते. दाभोळला बंदराकाठची जुनी दगडी मशीद अवश्य पाहावी. या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची वस्ती ठिकठिकाणी आहे. तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण आणि नमाजसाठी मशीद यांची अडचण पडत नाही. रस्ता समुद्राकाठचा म्हणून सपाट समजू नये. प्रत्येक खाडीला उतार आणि प्रत्येक गावाला चढ असतो, म्हणून दिवसाला ५०-६० किलोमीटर पुरेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. परतताना सायकल रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सामान म्हणून नोंदवता येते.

*वाई ते पाचगणी.* बारा-तेरा किलोमीटरचा पसरणी घाट. चढ बराचसा एकसारखा आहे, म्हणून पहिल्या घाटासाठी योग्य. खाली कृष्णेचे खोरे हळूहळू उघडत जाते.

सुरुवात अशी करा

पहिले दोन आठवडे रोज पाच-सात किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडे वाढवत दीड-दोन महिन्यांत एका सुट्टीच्या दिवशी ४० किलोमीटर. छातीत दुखणे किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. सहा महिन्यांनी खुल्दाबादचा घाट चढण्याइतके पाय तयार होतात.

येत्या रविवारी एवढेच करा. गच्चीवरची सायकल खाली उतरवा, मिस्त्रीकडे नेऊन ब्रेक, चेन आणि टायर पाहून घ्या, टाच लावून गादी वर करा. मग घरात जिची ती सायकल होती, तिलाच पहिली फेरी मारायला सांगा.