एकच ॲक्सल तिसऱ्यांदा का तुटतो?

मोटारीची ताकद वाढविण्याची हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. पणजी-मडगावच्या रस्त्यांवर, बेळगावच्या बाह्य वळणावर किंवा चोर्ला घाटात पहाटेच्या वेळी बुटकी केलेली, रुंद टायरांची आणि ‘रिमॅप’ केलेली टर्बो हॅचबॅक दिसणे नित्याचे झाले आहे. या हौसेबरोबर एक तक्रारही ठरलेली असते. ॲक्सल, म्हणजेच ड्राइव्ह शाफ्ट, तुटतो, बदलला जातो, चार-सहा महिन्यांनी पुन्हा तुटतो. पहिल्या वेळी ‘पार्ट डुप्लिकेट निघाला’ असे म्हटले जाते. दुसऱ्या वेळी ‘रिमॅप झेपत नाही’. तिसऱ्या वेळी मालक अधिक जाड, अधिक महाग ॲक्सल मागवतो. यानंतर बहुधा ॲक्सल टिकतो आणि डिफरन्शियल फुटते.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा एक ॲक्सल तुटला की गाडी पुढे जात नाही, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु अशी गाडी चढावर गिअरमध्ये ठेवून किंवा स्वयंचलित गिअर ‘पी’वर टाकून उभी केली, तरी ती जागेवर राहत नाही. गिअरबॉक्सने आतून कितीही घट्ट धरले, तरी साधे डिफरन्शियल तुटलेल्या बाजूला मोकळे फिरू देते आणि दुसरे चाक सुटे राहते. गाडीला धरून ठेवणारा असतो तो फक्त हँडब्रेक. घाटात ॲक्सल तुटला तर आधी हँडब्रेक ओढावा, चाकाखाली दगड लावावा आणि मगच खाली वाकून पाहावे.

निदानाची सुरुवात नव्या भागापासून न करता तुटलेल्या भागापासून केली पाहिजे. गॅरेजमध्ये तुटका तुकडा भंगाराच्या पिंपात जातो आणि त्याबरोबर अर्धा पुरावाही जातो. तो मागून घ्यावा, रॉकेलने किंवा डिझेलने पुसावा आणि उन्हात धरून तुटलेला भाग नीट पाहावा. फळ्यावरचा खडू दोन्ही टोकांना धरून पिळला, तर तो सरळ न तुटता तिरक्या, मळसूत्रासारख्या रेषेत तुटतो. ठिसूळ वस्तू पिळाने अशीच तुटते. पृष्ठभाग अतिकठीण झालेला शाफ्टही साधारण ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत तुटतो. उलट, ज्या पोलादात थोडी लवचीकता आहे ते एकाच मोठ्या झटक्याने तुटते तेव्हा काप जवळपास काटकोनात आडवा, सपाट असतो, त्यावर भोवऱ्यासारख्या वळणाच्या खुणा असतात आणि बाजूच्या खाचा, ज्यांना कारागीर स्प्लाइन म्हणतात, दोरीसारख्या पिळलेल्या दिसतात. तिसरा प्रकार धातूच्या थकव्याचा. यात कापाच्या एका कडेपासून ओहोटीच्या वेळी वाळूवर उमटतात तशा एकामागून एक कमानी सरकत गेलेल्या दिसतात, तो भाग घासून गुळगुळीत, क्वचित गंजलेला असतो, आणि शेवटी तुटलेला उरलेला भाग खरबरीत, ताजा असतो. अशा कमानी दिसल्या तर शाफ्ट त्या दिवशी तुटला नाही, तो कित्येक आठवडे तुटत होता. त्या दिवशी चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला की नाही, हा वाद मग निरर्थक ठरतो.

दुसरा प्रश्न कोणती बाजू तुटते हा. याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते आणि माझ्या मते निदानाचा सर्वांत स्वस्त धागा तोच आहे. साधे, खुले डिफरन्शियल दोन्ही ॲक्सलना जवळपास सारखाच पीळ पुरवते. तेव्हा दर वेळी उजवाच ॲक्सल तुटत असेल, तर इंजिनाची वाढलेली ताकद हे कारण एकटे पुरेसे नाही. तीच ताकद डाव्यालाही मिळत होती. दोष त्या बाजूच्या मांडणीत शोधावा. त्या बाजूचे इंजिन माउंटिंग बसले आहे काय, खालच्या आर्मचे बुश फाटले आहेत काय, गाडी बुटकी केल्यावर आतल्या जॉइंटचा कोन वाढला आहे काय, बाहेरून आणलेला शाफ्ट काही मिलिमीटर लांब असून चाक वर गेल्यावर जॉइंटच्या तळाला जाऊन आपटतो आहे काय, हे क्रमाने पाहावे. शेवटच्या दोषाची खूण जॉइंटच्या वाटीत तळाशी उमटलेली असते. ग्रीस पुसले की दिसते. एकदा डावा, एकदा उजवा असे आलटून पालटून तुटत असेल तर मात्र भाराचा संशय योग्य. स्लिप मर्यादित ठेवणारे डिफरन्शियल बसवले असेल, तर हा नियम तसाच लागू होत नाही, कारण ते एका चाकाला दुसऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक पीळ देऊ शकते.

आता भाराचा हिशेब. रिमॅपने टॉर्क वाढतो, म्हणून ॲक्सल तुटतो, हे समीकरण ऐकायला सरळ आहे, पण पहिल्या गिअरपुरते ते बहुधा चुकीचे असते. उदाहरणादाखल १७५ न्यूटन मीटर टॉर्कचे इंजिन घेऊ, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.५ आणि अंतिम गुणोत्तर ४. म्हणजे चाकांपर्यंत टॉर्क १४ पट होऊन २,४५० न्यूटन मीटर पोहोचायला हवा. पण पुढच्या आसावर ७०० किलो वजन, रस्त्याशी घर्षणाचा गुणांक ०.९ आणि चाकाची त्रिज्या ०.३ मीटर असेल, तर टायर एकूण सुमारे १,८५० न्यूटन मीटरपलीकडे काही पेलूच शकत नाहीत, ते घसरतात. म्हणजे मूळ इंजिनही पहिल्या गिअरमध्ये टायरांना घसरवू शकत होते. रिमॅप करून २५० न्यूटन मीटर केले तरी, टायर तेच असतील तर, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सलवर पडणारा स्थिर भार वाढत नाही, धूर तेवढा वाढतो.

तोच मालक जेव्हा मऊ रबराचे, चिकट टायर बसवतो आणि गुणांक १.२ होतो, तेव्हा ही मर्यादा सुमारे २,४७० वर जाते. भार एका फटक्यात तृतीयांशाने वाढला, आणि तो इंजिनामुळे नव्हे, टायरामुळे. रिमॅपचा खरा परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये दिसतो. तेथे टायर घसरत नाहीत, वाढलेला प्रत्येक न्यूटन मीटर गिअरच्या दातांवर आणि क्लच प्लेटवर पडतो. म्हणून रिमॅपनंतर क्लच घसरणे स्वाभाविक आहे आणि टायर बदलल्यानंतर ॲक्सल तुटणे स्वाभाविक आहे. ‘नेमके काय बदलल्यानंतर तुटू लागले?’ हे मेकॅनिकने विचारावे आणि मालकाने खरे सांगावे. तारखा लिहून काढल्या तर बरेचसे कोडे कागदावरच सुटते.

हा झाला स्थिर भार. तुटण्याचे काम बहुतेकदा धक्का करतो. क्लच एकदम सोडला की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा क्षणात बाहेर पडते आणि क्षणभर इंजिनाच्या टॉर्कपेक्षा पुष्कळ मोठा पीळ पुढे जातो. मूळ क्लच अशा वेळी थोडा घसरतो. तोच त्याचा फ्यूजसारखा उपयोग. ताकद वाढली म्हणून कठीण प्रेशर प्लेट आणि सिरॅमिक क्लच प्लेट बसवली की हा फ्यूज काढून जाड तार लावल्यासारखे होते. दोन तुकड्यांचे, मध्ये स्प्रिंग असलेले फ्लायव्हील काढून एकसंध हलके फ्लायव्हील बसवले, तर इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत थेट जाऊ लागते. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, तो याच कारणाने.

धक्क्याचा याहून वाईट प्रकार म्हणजे चाकाचा थयथयाट. जोराने निघताना टायर रस्ता पकडतो, बुश आणि ॲक्सल पिळले जातात, मग टायर सुटतो, पिळलेले सर्व उलटे उसळते, टायर पुन्हा पकडतो. सेकंदात हे अनेकदा घडते. गाडीत बसलेल्याला पुढून कोणी हातोडे मारत असल्यासारखे वाटते. घसरत असलेले जड चाक एकदम पकडले जाते, त्या क्षणी पडणारा पीळ टायरांच्या वर काढलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. त्याचे मूळ बहुतेकदा मऊ पडलेल्या माउंटिंगमध्ये, जीर्ण बुशांत किंवा टायरांतील हवेत असते. येथे मोबाइलचा कॅमेरा उपयोगी पडतो: बॉनेट उघडे ठेवून, गाडी हँडब्रेकवर, समोर कोणी उभे न राहता, एकाने क्लच हळूच चावत ठेवावा आणि दुसऱ्याने बाजूने मंदगती चित्रण करावे. इंजिन किती झुकते ते डोळ्यांना दिसते. एबीएस असलेल्या गाडीत चाकांच्या वेगाची नोंद स्कॅनरवर घेता येते; थयथयाट होत असेल तर पुढच्या चाकाच्या वेगाची रेषा करवतीच्या दातांसारखी येते. इंजिनाचे फेरे चढतात पण चाकाचा वेग चढत नाही आणि टायरही घसरत नाही, असे दिसले तर क्लच गेला.

मोठ्या कंपन्यांनाही हा हिशेब चुकतो. निसानची ‘जीटी-आर’ २००७ साली जपानमध्ये आली, तेव्हा तिच्यातील ‘लाँच कंट्रोल’ने सुटताना गिअरबॉक्सवर इतका ताण पडे की अमेरिकेतील काही सुरुवातीच्या गाड्यांचे गिअरबॉक्स निकामी झाले आणि हमीवरून वाद झाले. कंपनीने गिअरबॉक्स जाड करण्याआधी नियंत्रणाचा कार्यक्रम बदलला. निघतानाचे इंजिनाचे फेरे खाली आणले. बीएमडब्ल्यूच्या १९९८ साली आलेल्या ‘ई ४६’ पिढीत तर गिअर आणि ॲक्सल शाबूत राहिले आणि मागची सबफ्रेम जेथे बांधलेली असते तेथील पत्र्याला तडे जाऊ लागले. पीळ नाहीसा होत नाही. प्रत्येक क्रियेची प्रतिक्रिया शेवटी गाडीच्या सांगाड्याने सोसायची असते, हे विसरल्यामुळे अनेक जण इंजिनावर पैसा ओततात आणि बुशांकडे पाहत नाहीत.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या किंवा चारही चाकांच्या गाड्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. त्याच्या टोकांचे क्रॉस जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतात आणि दोनदा कमी करतात. तीन अंशांच्या कोनात हा चढउतार नगण्य असतो, दहा अंशांत दीड टक्का वर, दीड टक्का खाली. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले तर एकाचा दोष दुसरा भरून काढतो. गाडी उंच किंवा बुटकी केली की हे कोन असमान होतात आणि क्रॉस, बेअरिंग, शेवटी पिनियन एकामागून एक जाऊ लागतात. कारण ओळखायला कंपनाची गती मोजावी. ताशी ८० किलोमीटरला दोन मीटर परिघाचे चाक सेकंदाला ११ फेरे करते. अंतिम गुणोत्तर ४ असेल तर प्रोपेलर ४४. कंपन ११ वेळा येत असेल तर दोष टायर-रिमचा, ४४ वेळा आले तर शाफ्टचा तोल गेला आहे, आणि ८८ वेळा आले तर कोन बिघडला आहे. कंपन मोजणारी साधी ॲप्स एवढे सांगू शकतात.

आपल्या भागात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे रबर बूट. पावसाळ्यात लाल मातीचे पाणी फाटक्या बुटातून आत गेले की ग्रीसची घासण्याची पेस्ट होते. वळताना टक्-टक् आवाज आला तर बाहेरचा जॉइंट, सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी थरथरली तर आतला, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा बरोबर येतो. बुटकी गाडी गतिरोधकावर घासते तेव्हा पहिला बळी बूटच असतो.

जाड ॲक्सल करून घेण्याचा मार्ग अगदी शेवटी. पिळाला टिकण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटर घेतला तर ती जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढते, म्हणजे फार जाड करण्याची गरजच नसते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिरोलीत लेथवर उत्तम काम करणारे कारागीर आहेत आणि ‘ईएन २४’ पोलादाचा गजही मिळतो. प्रश्न त्यानंतरच्या उष्णता-प्रक्रियेचा असतो. नुसता कातून काढलेला शाफ्ट मऊ राहतो आणि खाचा पिळल्या जातात. अति कठीण केला तर खडूसारखा तुटतो. खाच जेथे संपते तेथे गोलाई न देता धारदार पायरी ठेवली, तर थकव्याची पहिली भेग तेथूनच निघते. काम देताना कठीणपणाचा आकडा लिहून घ्यावा, आणि शाफ्ट मजबूत झाल्यावर पुढचा नाजूक दुवा डिफरन्शियल आहे हे मनात ठेवावे. तुटलेला ॲक्सल दोन तासांत बदलता येतो. डिफरन्शियलसाठी गिअरबॉक्स उतरावा लागतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये याच अर्थाचा निर्णय दिला आहे. विमा कंपनीला न कळवता केलेले बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतात.

दुरुस्तीनंतर हबचा नट नवा आणि टॉर्क रेंचने कसलेला असावा. अनेक उत्पादक तो एकदाच वापरण्यासाठी देतात. साधारण ५०० किलोमीटरनंतर गाडी लिफ्टवर घेऊन बुटाची क्लिप, माउंटिंगचे बोल्ट आणि ॲक्सलच्या सीलभोवतीची तेलाची ओल पाहावी. शाफ्टवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ लांबीभर ओढून ठेवली तर पुढच्या तपासणीत ती सरळ आहे की पिळली आहे, हे क्षणात कळते.