पंचांग आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा

आमचें देवपूर पांझरेच्या कांठीं आहे. पांझरा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. परंतु त्या पाण्याच्या मागोमाग समुद्रापर्यंत जाणारे आम्ही खानदेशी लोक थोडे. समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां चढतें व दोनदां उतरतें, हें मीं भूगोलाच्या तासाला पुष्कळ वर्षें शिकविलें. त्याचा खरा अर्थ मात्र साठी उलटल्यावर हरिहरेश्वरीं उमगला.

हें क्षेत्र रायगड जिल्ह्यांत, श्रीवर्धन तालुक्यांत, सावित्री नदीच्या मुखाजवळ आहे. कोंकण रेल्वेच्या माणगांव स्थानकावर उतरून म्हसळ्यावरून मोटारीनें जातां येतें. पेशव्यांचें हें कुलदैवत. येथील देवळामागच्या डोंगराला वळसा घालून पुन्हां देवळाशींच येणारी जी प्रदक्षिणेची वाट आहे, तिच्याविषयीं आज बोलावयाचें आहे. वाट फार तर तासाभराची. आरंभीं थोडा चढ, नंतर दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खिंडींतून उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि पुढें समुद्राच्या अगदीं कडेनें खडकांवरून चालणें. माझ्या वयाच्या माणसालाही ती जड जात नाहीं. मात्र ती चालण्याची वेळ समुद्र ठरवितो.

मी गेलों तो दिवस पौर्णिमेचा, वेळ साडेअकराची. दर्शन आटोपून पायऱ्यांकडे वळलों, तों नारळ विकणारी एक बाई म्हणाली, "आजोबा, आज पुनव ना? मग आत्तां खालीं कुठें निघालांत?" मीं हंसून पुढें पाऊल टाकलें. खिंडीच्या तोंडाशीं येऊन पाहतों तों खालीं वाटच नव्हती! जेथून चालावयाचें तेथें लाटा कड्यावर आदळत होत्या. अशा वेळीं खालीं उतरलेलीं माणसें लाटांनीं ओढून नेल्याच्या दुर्घटना येथें घडलेल्या आहेत. आणि पंचांग तर माझ्या पिशवींत होतें. तें मीं केवळ एकादशी पाहण्यासाठीं बाळगलें होतें!

कोंकणांतील लोकांचा हिशेब असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ तासांत मिळते. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. त्याची पाऊणपट सव्वाअकरा. अष्टमीला सहा वाजतां. शुद्ध पक्ष असो वा वद्य, रीत एकच. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां उगवतो व भरतीही तितकीच मागें पडते, म्हणून हा पाऊण तासाचा गुणक. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या सुमारास पूर्ण ओहोटी होते. हें गणित ढोबळ आहे. स्थळाप्रमाणें अर्धापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून तेथील माणसांना विचारल्यावांचून उतरूं नये. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे पाणी अधिक चढतें आणि अधिक उतरतें. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दोन्ही बेताचें. यावरून पाहतां पंचमी-षष्ठीचा दिवस सोयीचा : भरती पहांटे चार-साडेचारला, ओहोटी दहा-अकराला. ओहोटीच्या तासभर आधीं पायऱ्या उतराव्या, म्हणजे पाणी हटत असतांना आपण चालतों. पावसाळ्यांत मात्र तिथी कोणतीही असो, ही वाट वर्ज्य समजावी. लाटा मोठ्या व खडक शेवाळलेले असतात.

पुढच्या षष्ठीपर्यंत मी श्रीवर्धनास मुक्काम केला. मुलाला पत्रानें कारण कळविलें. तो अजून हंसतो.

षष्ठीला साडेनऊला उतरलों. परवांच्या लाटांच्या जागीं काळ्या खडकाचें सपाट अंगण पसरलें होतें. लाटांनींच कड्याचा पाया खाऊन तें घडविलें आहे. आमच्या लळिंगच्या किल्ल्याचा पत्थर आणि हा, दोन्ही सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या त्याच लाव्हाच्या थरांतले. परंतु येथें दगडाला मधाच्या पोळ्यासारखीं छिद्रें पडलेलीं दिसतात. खारें पाणी दगडाच्या बारीक रंध्रांत शिरतें, उन्हानें आटतें, मिठाचे स्फटिक वाढूं लागतात आणि दगडाचा एकेक कण सुटतो. बोटानें चाचपून पाहिलें, तर कडा सुरीसारख्या लागल्या. अनवाणी चालूं नये.

खडकांतल्या डबक्यांत ओहोटीनें मागें ठेवलेलें जग असतें : खडकाला चिकटलेलीं कालवें, तिरके पळणारे खेंकडे, बोटाएवढे मासे. डोक्यावरून पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड एकदां घिरटी घालून गेला. हिंवाळ्यांत उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी पाण्याच्या रेषेवर बसलेले असतात. डोंगराचा वळसा संपून पुळण लागली, कीं वाळूंत भोंकें पाडणारे खेंकडे दिसतात. माणसाची चाहूल लागतांच ते नाहींसे होतात.

सावित्रीच्या खाडीपलीकडे वेळास गांव आहे. बागमांडल्याहून वेश्वीला नावेनें उतरून तेथें जातां येतें. तेथील किनाऱ्यावर हिंवाळ्यांत समुद्री कासविणी रात्रीं येऊन वाळूंत शंभरएक अंडीं घालतात. पूर्वीं हीं अंडीं चोरीस जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या मदतीनें त्यांचें रक्षण चालविलें. पन्नासएक दिवसांनीं पिलें निघतात व समुद्राकडे सोडलीं जातात. तें पाहावयाचें राहिलें आहे. येत्या फाल्गुनांत जाण्याचा बेत असून पंचांगांत षष्ठीवर खूण करून ठेवली आहे.