‘२२ जून १८९७’ : क्रोधाचा इतिहास आणि चित्रपटाचा संयम

१८९७च्या आरंभी पुण्यात प्लेगने थैमान घातले असता, साथीच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हुकमतीखाली गोरे सोजीर माजघर-देवघराचा विधिनिषेध न राखता झडत्या घेऊ लागले, आणि सरकारदरबारी केलेल्या अर्ज-फिर्यादींची दाद लागेना, तेव्हा चिंचवडच्या चापेकर बंधूंनी शस्त्राचा मार्ग पत्करला. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गोळी झाडली. त्याच हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्ट हा दुसरा इंग्रज अधिकारी जागीच गतप्राण झाला, तर रँड ३ जुलैस मरण पावला.

या घटनेवर नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ साली केलेला ‘२२ जून १८९७’ हा चित्रपट सिंगापुरातील चोआ चू कांगसारख्या उपनगरात वाढणाऱ्या, चिंचवडचा वाडा कधी न पाहिलेल्या मराठी मुलांना आवर्जून दाखवावा असे मला मनापासून वाटते. कारण वीरश्रीच्या आरोळ्या टाळून तो त्या तरुणांचा संताप, त्यांची धर्मनिष्ठा आणि सुधारकांविषयीची त्यांची असहिष्णुता ही सारी एकत्र पाहावयास लावतो.

तरुणांच्या संतापाकडे असेच पाहावयास लावणारा, पश्चिम जर्मनीतील ‘रेड आर्मी फॅक्शन’ या सशस्त्र गटावर उली एडेल यांनी २००८ साली काढलेला ‘द बाडर माइनहोफ कॉम्प्लेक्स’ हा चित्रपटही, इराणच्या शहाविरुद्धच्या निदर्शनांत २ जून १९६७ रोजी पोलिसाच्या गोळीने मेलेल्या बेनो ओनेझोर्ग या विद्यार्थ्यापासून १९७७च्या अपहरण-हत्यांपर्यंतची वाट दाखवितो. परकीय सत्तेखालील निःशस्त्र रयत आणि मतदानाचा हक्क असलेले नागरिक यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे ठरेल. परंतु पहिली हत्या शेवटची ठरत नाही, हा अनुभव उभयतांचा आहे. पुण्यात सरकारी इनामाच्या आशेने चापेकरांची खबर देणाऱ्या द्रविड बंधूंवर फेब्रुवारी १८९९ मध्ये गोळ्या झाडण्यात आल्या, त्याआधीच १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर फासावर गेले होते, तर पुढील वर्षीच्या मे महिन्यात त्यांचे बंधू वासुदेव व बाळकृष्ण आणि साथीदार महादेव रानडे फासावर गेले.

त्यांच्या त्यागापुढे माझे मस्तक नम्र होते. तथापि मुलांना तो त्याग सांगताना, अर्जाची दाद न घेणाऱ्या अंमलदाराचा अपराध आणि आयर्स्टसारख्या अनुद्दिष्ट बळीचा मृत्यू हे दोन्ही सांगण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे, कारण त्यांपैकी एक जरी वगळला तरी उरते ती केवळ दंतकथा.