मिनी ट्रॅक्टरची ओढ वाढवायचीय? आधी चाकांकडे बघा

तासगावच्या द्राक्षबागेत किंवा कराड-वाळव्याच्या उसात मिनी ट्रॅक्टर कमी पडला, की सल्ला मिळतो: रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वॉशर घाला, हायड्रॉलिकचं प्रेशर वाढवा. कृपया हे करू नका! आपल्याकडच्या बहुतेक मिनी ट्रॅक्टरची चाकं गिअरवर फिरतात. हायड्रॉलिकवर चालते ती लिफ्ट. प्रेशर वाढवून ओढ वाढत नाही, सील आणि पंप मात्र जातात.

चाक जागेवर फिरत असेल, तर कमी आहे ती पकड. मागच्या टायरचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि त्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के, पाणी भरा. ड्राफ्ट कंट्रोल असेल तर वापराच: जमीन कठीण लागली की नांगर किंचित उचलला जातो, त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. काळ्या रानात फरक लगेच जाणवतो.