घाटकोपरचे आभाळ आणि वेधशाळेचा अंदाज

दिनांक १३ मे २०२४ रोजी, ऐन वैशाखात, दुपारी चारनंतर मुंबईच्या पूर्व उपनगरांवर धुळीचे लोट आले, दिवसाढवळ्या अंधारून आले आणि सोसाट्याचा वारा सुटला. घाटकोपरच्या छेडानगर भागात एका पेट्रोल पंपाशेजारी उभा असलेला १२० फूट लांब व तितकाच उंच जाहिरातफलक या वाऱ्याने कोसळला. पावसापासून बचाव व्हावा म्हणून पंपाच्या छपराखाली थांबलेल्यांसह १७ जणांचा त्यात मृत्यू झाला.

हे वादळ समुद्रावरून आलेले चक्रीवादळ नव्हते. आपल्या भाषेत त्याला फार जुने नाव आहे : वळीव. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते आणि समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा तिला मिळाली की दुपारनंतर उंच गडगडाटी ढग तयार होतात. या ढगातून पाऊस पडू लागला म्हणजे खालच्या कोरड्या हवेत त्याचे काही थेंब वाटेतच सुकतात. त्यामुळे ती हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते. भरलेली घागर अंगणात उपडी केली असता पाणी जसे चहूकडे धावते, तशीच ही हवा जमिनीवर आपटून आडवी पसरते. म्हणूनच वळिवात वारा आधी येतो, पाऊस मागाहून. मे महिन्यातील कोरडी माती या वाऱ्याच्या तोंडी सापडते व धुळीची भिंत उभी राहते. ती दृष्टीस पडल्यावर हाती काही मिनिटेच उरतात. अशा वेळी फलक, पत्र्याची छपरे, बांधकामाच्या पराती व जुनी झाडे यांचा आसरा घेणे घातक असते. पक्की इमारत जवळ करावी.

असा ढग नेमका कोणत्या वस्तीवर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. कोणत्या जिल्ह्यात तशी शक्यता आहे एवढे सांगता येते. ढग प्रत्यक्ष तयार झाल्यावर मात्र रडार त्याचा माग काढते. मुंबईत कुलाबा व वेरावली येथे अशी डॉप्लर रडारे बसविलेली आहेत. त्यांच्या आधारे पुढील तीन तासांपुरती तात्काळ सूचना प्रसृत केली जाते. सकाळचा अंदाज वाचून दिवसभर निर्धास्त राहणाऱ्या कार्यालयास ही सूचना दुपारी पोहोचतच नाही, हा नेहमीचा अनुभव आहे.

मोसमी पावसाची रीत निराळी. मुंबईत त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते. सांताक्रूझ येथे चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे शिक्षकांनी वर्गात मोजून दाखवावे. मुलांना ते पुन्हा सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे हंगामाच्या सुमारे दोन-पंचमांश पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास नोंद झाली अवघी ७३ मिलिमीटरची. दोन केंद्रांतील अंतर पंचवीस किलोमीटरही नाही! घाटकोपर सांताक्रूझपासून सहा-सात किलोमीटरवर, एका अंगाला डोंगर व दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी यांच्यामध्ये वसलेले आहे. तेव्हा ‘मुंबईत पाऊस’ या दोन शब्दांवरून घाटकोपरचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरते.

वेधशाळा खोटे बोलते, अशी तक्रार आपण सर्वांनीच कधी ना कधी केली आहे. तीत थोडा दोष वाचनाचाही असतो. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील एक-चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे तीन-चतुर्थांशांपर्यंत. ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘मुसळधार’ हाही अलंकारिक शब्द नाही. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसास मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्याहून अधिक असल्यास अत्यंत मुसळधार म्हणतात. महसूल खात्याची ‘अतिवृष्टी’ ६५ मिलिमीटरला सुरू होते, हे पंचायत सदस्यांना ठाऊक असतेच. ही सर्व मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी होते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर कोसळलेला पाऊस बहुधा आदल्या दिवसाच्या हिशेबात दिसतो व वर्तमानपत्र वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पावसाइतकाच त्याच्या संभाव्य परिणामाशी निगडित असतो.

घाटकोपरमध्ये हा परिणाम डोंगरावर सर्वांत तीव्र होतो. जुलै २००० मध्ये येथील उतारावरील वस्तीवर दरड कोसळून साठांहून अधिक लोक दगावले. १८ जुलै २०२१ रोजी शेजारच्या चेंबूर व विक्रोळी येथे मध्यरात्रीनंतरच्या पावसाने अशाच दुर्घटना घडल्या. सतत झिरपणाऱ्या पाण्याने माती जड होते, तिची पकड सुटते, आणि मग एखादी जोराची सर पुरेशी ठरते. यास्तव अशा ठिकाणी केवळ उद्याचा अंदाज पाहून भागत नाही. मागील दोन-तीन दिवसांत किती पाऊस मुरला आहे तेही पाहावे लागते. भिंतीस नवी भेग, झाड वा खांब कलणे, उतारातून एकाएकी गढूळ पाणी येणे ही चिन्हे दिसताच रात्र होण्यापूर्वी घर सोडणे इष्ट. सखल भागात भरतीची वेळ पाहावी. समुद्र चढलेला असताना नाल्यांचे पाणी ओसरत नाही आणि मध्यम पाऊसही रस्त्यावर साचतो.

ग्रामीण भागासाठी ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली आहेत. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज सकाळी दोन आकडे लिहिता येतील : काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला पाऊस आणि गेल्या तीन दिवसांची बेरीज.